शुश्रूषा आणि विटाळाची रेघ

माझ्या टेबलाच्या खणात एक केसपेपर आहे. इतिहास शिकवणारा माणूस म्हणून सनदा, गॅझेटियर, न्यायालयांचे निकाल असे पुष्कळ कागद मी वाचले. पण याच्याइतका खोटा कागद माझ्या पाहण्यात नाही. आणि विशेष हे की, त्यावरचा एकही शब्द कोणी मुद्दाम खोटा लिहिलेला नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात ते १९ दिवस होते. चौथ्या रात्री दोन वाजताची नोंद केसपेपरवर अशी आहे: ‘पेशंट कम्फर्टेबल’. पुढे सही.

त्या रात्री दोन वाजता मी तेथे होतो. पुरुषांच्या वॉर्डात रात्री बायकांना थांबू देत नसत, म्हणून माय खाली व्हरांड्यात आणि मी आत. बारा वाजल्यापासून बाचे अंथरूण ओले होते. नुसते ओले नव्हते. मी सिस्टरकडे गेलो. चाळीसच्या वर रोगी आणि त्या एकट्या. त्या म्हणाल्या, “दादा, ते मावशींचं काम आहे.” मावशी दोन वॉर्डांना मिळून एक होती. ती म्हणाली, “भांडं मी देते, पण हे एवढं सगळं साफ करायला सफाईवाला लागतो. तो सहाला येतो. आणि एवढा माणूस एकट्या बाईनं उचलायचा कसा?” तिघांतले कोणीही खोटे बोलत नव्हते. सिस्टरला खरेच वेळ नव्हता, मावशीच्या अंगात खरेच बळ नव्हते आणि सफाईवाला खरोखरच सहाला आला. एम.ए. आणि नेट झालेल्या माझ्या हातांनी मी जमेल तसे पुसले, चादर ओढून काढली. बाची कूस बदलायची असते हे मला ठाऊक नव्हते.

सकाळी माय वर आली. तिने आधी बाची पाठ उघडी करून पाहिली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. त्यावर तिने बोट दाबून धरले आणि काढले. डाग पांढरा पडला नाही. “रातभर ह्यांची कूस नाही बदलली व्हय रं?” एवढेच ती म्हणाली. दाबल्यावर डाग पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर आतले मांस जिवंत आहे. नाही झाला तर आत मरायला लागले आहे, हे तिला माहीत होते. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात ती २२ वर्षे आया होती. तिला लिहिता येत नाही. त्या डागाची केसपेपरवर पहिली नोंद झाली ती आठव्या दिवशी; तोवर तेथे जखम झाली होती. बा दिवाळीच्या आधी गेले. लकव्याने नव्हे, त्या जखमेने.

हे रडगाणे म्हणून लिहीत नाही. वाचकांपैकी अनेकांच्या घरी याहून वाईट घडले असेल. मला जे दिसले ते असे: रोग्याच्या देहाला जिचा हात लागतो तिला लिहिता येत नाही, आणि जिला लिहिता येते तिचा हात देहाला लागत नाही. त्या दोघींच्या मधून एक रेघ जाते. शुश्रूषेच्या दर्जाची चर्चा आपल्याकडे खाटा, औषधे, पगार आणि संख्या या अंगांनी होते. ती व्हावीच. पण ही रेघ कोणी आखली, हा प्रश्न वैद्यकाचे इतिहासकार विचारीत नाहीत. कारण ते बहुधा डॉक्टरांचा इतिहास लिहितात.

आधुनिक शुश्रूषेचा इतिहास फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सांगण्याची प्रथा आहे. पाठ्यपुस्तकांत तिच्या हातात दिवा असतो. हा दिवा जरा बाजूला ठेवू. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या इस्पितळात ती १८५४ च्या नोव्हेंबरात पोहोचली. त्यानंतरही सैनिक मरतच राहिले. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले होते. मार्चमध्ये सरकारचे स्वच्छता-मंडळ आले. त्याने इस्पितळाखालची तुंबलेली गटारे वाहती केली, मेलेली जनावरे हलवली, पाणी सुधारले, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले. दिव्यापेक्षा गटार उपसण्याने अधिक माणसे वाचली, हे पुढे नाइटिंगेलने स्वतःच आकडे मांडून सरकारला पटवले. दिवा धरणाऱ्या बाईचे नाव राहिले. गटारे उपसणाऱ्यांचे राहिले नाही. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून आणखी एक सांगितले पाहिजे. १८५९ साली तिने शुश्रूषेवर जे छोटे पुस्तक लिहिले त्यात दोन गोष्टी आहेत, आणि माझ्या विषयाला त्या दोन्ही लागतात. एक, रोग्याचे निरीक्षण हे परिचारिकेचे सर्वांत मोठे काम होय. दुसरी, रोग्याचे भांडे रिकामे करणे ‘माझे काम नव्हे’ म्हणून जी नाकारते, तिचा पिंडच शुश्रूषेचा नव्हे. फरशा घासायला परिचारिकेला लावणे हा तिच्या शक्तीचा अपव्यय, असेही ती म्हणते. पण रोग्याच्या देहातून जे बाहेर पडते ते पाहिल्याशिवाय निरीक्षण कसले? मळ, मूत्र, घाम, पू हीच तर रोग्याची भाषा. ती वाचायची तर जवळ जावे लागते. अर्थात तिचे विलायतही काही समतेचे माहेर नव्हते. जमैकाची मेरी सीकोल हिने त्याच युद्धात शुश्रूषेसाठी जाण्याची परवानगी मागितली. तिच्या हातात कॉलऱ्याच्या साथींचा अनुभव होता. पण ती काळी होती. तिला घेतले नाही. ती स्वतःच्या पैशाने गेली. आणि १८६० साली सेंट टॉमस रुग्णालयात नाइटिंगेलच्या नावाने जी शाळा निघाली तिच्यातही लवकरच दोन वर्ग झाले: पैसे भरून येणाऱ्या बड्या घरच्या स्त्रिया पुढे मेट्रन व्हायच्या, आणि बाकीच्या राबायच्या.

पण तेथे रेघ होती ती वर्गाची आणि वर्णाची. ही विद्या आपल्या देशात आली तेव्हा येथे शुश्रूषा नव्हती असे नाही. येथे ती जातीने वाटून दिलेली होती.

मूल जन्मणे हा आपल्या परंपरेत विटाळ. बाळंतीण दहा दिवस शिवायची नाही. मग तिला शिवायचे कोणी? जिला शिवल्याने आणखी काही बिघडायचे नाही तिने! महाराष्ट्रात पुष्कळ गावी हे काम मांगाच्या बाईकडे होते. उत्तरेत चर्मकार बाईकडे होते. मूल बाहेर काढायचे, नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची. ज्या घराचा उंबरा तिला एरवी बंद, त्या घराच्या सर्वांत आतल्या अंधाऱ्या खोलीत तिला रात्री नेत. सकाळी गोमूत्र शिंपडून घर पवित्र करीत, आणि ती पुन्हा वेशीबाहेर.

माझी आजी सुईण होती. बालाघाटच्या डोंगरातल्या आमच्या गावात आज पन्नाशीच्या पुढे असलेली बहुतेक माणसे, पाटलापासून कुंभारापर्यंत, तिच्या हातावर जन्मली. मोबदला पायलीभर धान्य, मुलगा झाला तर लुगडे. पोटावर हात ठेवून बाळ आडवे आहे की पायाळू हे ती सांगे. हे ज्ञान कोणत्या ग्रंथात लिहिले गेले नाही, कारण ज्ञान तेच जे लिहिले जाते आणि लिहिणाऱ्याचा हात तेथे पोहोचत नव्हता.

तिचे सर्वच ज्ञान बरोबर होते असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. नाळ कापायला विळाही चाले, वर राख लावत. धनुर्वाताने मुले मरत. माय म्हणते, आजीच्या हातचीही गेली. १८८५ साली लेडी डफरीन यांचा निधी स्थापन झाला, १९०३ साली लेडी कर्झन यांनी दाईंना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी काढला. त्या काळच्या इंग्रज डॉक्टरणींनी आणि आपल्या सुधारकांनीही ‘घाणेरडी, अडाणी दाई’ हे सर्व बालमृत्यूंचे कारण ठरवले. तिचे हात घाणेरडे होते, खरे. पण गावाच्या पाणवठ्यावर तिला बंदी कोणी केली होती? खोली अंधारी कोणी ठेवली होती? चांगले कापड विटाळेल म्हणून बाळंतिणीखाली फाटके गोणपाट कोण घालीत होते? रोग जातीच्या व्यवस्थेत होता, निदान बाईच्या हाताचे झाले. भारतातून नवजात मुलांचा धनुर्वात हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. तोपर्यंत या आरोपाला शंभर वर्षे उलटून गेली होती.

आपल्या चळवळीनेही या कामाचा विचार केला, पण वेगळ्या अंगाने. १९५० नंतर उत्तर प्रदेशातील चर्मकार समाजाने ‘नारा-मवेशी’ नावाने ओळखली जाणारी चळवळ केली. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे जनावर. आम्ही तुमच्या मुलांची नाळ कापणार नाही, तुमचे मेलेले ढोर ओढणार नाही. याची शिक्षा म्हणून त्यांनी मार खाल्ला, पिके आणि वाटा बंद झालेल्या सोसल्या. महाराष्ट्रात १९२७ च्या महाडनंतर मेलेले ढोर ओढणे टाकण्याची जी लाट आली तिचेच हे भावंड. त्यातील विद्रोह निर्विवाद आहे. तरीही ‘नाळ’ आणि ‘ढोर’ हे दोन शब्द एका जोडशब्दात आले की मी थबकतो. ढोर मेलेले असते. नाळेच्या टोकाला जिवंत मूल असते.

हा प्रश्न आमच्या घरात एकदा उभा राहिला होता. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. आमच्या वस्तीतल्या तीन घरांना आग लागली. महिना झाला नसेल, ज्यांची नावे आग लावणाऱ्यांत घेतली जात होती त्यांच्यापैकी एका घरची सून अडली. मध्यरात्री बैलगाडी आली. चुलत्यांनी सांगितले, “आज्जे, तू जायचं नाहीस.” चुलते औरंगाबादला राहून शिकत होते, पँथरच्या सभांना जात होते. आजी बराच वेळ उंबऱ्यावर बसली, मग उठली. “लेकरानं काय केलंय?” म्हणाली आणि गेली. कंदील धरायला सोबत नवी सून म्हणून माय गेली. मूल आणि आई दोन्ही वाचली. चुलते आजीशी सहा महिने बोलले नाहीत.

कोण बरोबर होते? वर्गात हा प्रसंग मी मुलांना सांगतो तेव्हा मुले चुलत्यांच्या बाजूने असतात आणि मुली गप्प असतात. मला वाटते, चुलते कामाला जडलेल्या लाचारीविरुद्ध बोलत होते आणि आजी कामाविषयी बोलत होती. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, हे त्या दोघांनाही कोणी सांगितले नव्हते.

ते ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले त्यांचे नाव आपण जयंती-पुण्यतिथीला घेतो, पण या संदर्भात क्वचित घेतो. सावित्रीबाई फुले आपल्याला शिक्षिका म्हणून ठाऊक आहेत. १८६३ साली जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा तेथे येणाऱ्या फसवल्या गेलेल्या विधवांची, त्यांत ब्राह्मण विधवाच अधिक, बाळंतपणे कोणी निस्तरली? त्या घरातल्या बाईने. काशीबाई नावाच्या अशाच विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. म्हणजे विटाळाच्या रेघेपलीकडे ढकललेले काम त्यांनी आपल्या घरात आणले आणि वरच्या जातीच्या बाईची सेवा माळ्याच्या सुनेने केली, तीही लुगड्याच्या आशेने नव्हे.

मग १८९७. पुण्यात प्लेग. आदल्या वर्षी तो मुंबईत आला होता. सरकारी प्लेग इस्पितळांची लोकांना धास्ती होती. गोऱ्या सोजिरांच्या झडत्यांनी ती वाढली. यावर पुढाऱ्यांनी काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे: जातवार, धर्मवार स्वतंत्र इस्पितळे. मुंबईत अशी अनेक निघाली, पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी काढले. प्लेगच्या गाठीलाही जात विचारली गेली. त्याच दिवसांत हडपसरजवळच्या माळावर यशवंतरावांनी दवाखाना मांडला आणि सावित्रीबाई वस्त्या-वस्त्यांतून रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय ६६. या प्रसंगाकडे त्याग म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. मी त्याकडे शुश्रूषेच्या इतिहासातील घटना म्हणून पाहतो. लिहिता येणारी बाई आणि हात लावणारी बाई तेथे एकच होती.

तसे पाहिले तर वरच्या जातींना विटाळ सोडता येत नव्हता असेही नाही. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी प्रेताचे विच्छेदन केले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ किल्ल्यावरून तोफा डागल्याची आख्यायिका आहे. प्रेताचा विटाळ तोफेच्या आवाजात विरून गेला, कारण पलीकडे डॉक्टरकीचा मान होता. भांडे उचलण्यासाठी कोणी तोफ डागली नाही. त्यामुळे १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय उभे राहिल्यावर डॉक्टर व्हायला प्रतिष्ठित घरांतील मुले पुढे आली, पण परिचारिका व्हायला त्यांच्या बहिणी आल्या नाहीत. पहिल्या परिचारिका युरोपियन, मग अँग्लो-इंडियन, मग देशी ख्रिस्ती. १८९४ साली विल्यम वॉनलेस यांनी मिरजेस रुग्णालय उभारले. मिरज, तेव्हाचे अहमदनगर, जालना या भागांतील मिशनच्या शाळांत शिकलेल्या मुली या कामात आल्या, आणि त्यांच्यातील पुष्कळजणी महार-मांगांतून ख्रिस्ती झालेल्या घरांतल्या होत्या. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सेवासदन निघाले आणि त्याने विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास धाडले, हे धाडसच होते. तरी हा ओघ बारीकच राहिला.

तो किती बारीक होता हे भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात दिसते. सगळ्या ब्रिटिश भारतात परिचारिका ७,००० आणि डॉक्टर ४७,५००. म्हणजे डॉक्टर ६,३०० माणसांमागे एक आणि परिचारिका ४३,००० माणसांमागे एक. इतर देशांत एका डॉक्टरमागे अनेक परिचारिका असतात. येथे एका परिचारिकेमागे सहा-सात डॉक्टर! जगात हे उलटे गणित क्वचितच कोठे असेल. दारिद्र्याने ते सुटत नाही, कारण डॉक्टर तयार करणे परिचारिका तयार करण्यापेक्षा महाग. ते सुटते विटाळाने.

स्वातंत्र्याच्या सुमारास या पेशाला प्रतिष्ठा मिळवून देण्याची धडपड सुरू झाली. १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला पदवीचे शिक्षण निघाले, १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. ही धडपड योग्यच होती. सिस्टरला डॉक्टर खुर्ची देत नव्हता, तिला घर भाड्याने मिळत नव्हते, परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी म्हणून तिचे लग्न अडत होते. पण प्रतिष्ठा मिळवण्याचा मार्ग या समाजात एकच: खालच्या पायरीवर आणखी कोणाला तरी उभे करणे. तेव्हा औषध, इंजेक्शन, नोंदवही आणि सलाईन सिस्टरकडे गेले. आंघोळ, भांडे, कूस, वेणीफणी आयाकडे आली. आणि आयाच्याही खाली मैला, रक्त, ड्रेसिंगचे बोळे उचलणारा सफाई कामगार, ज्याच्या जातीबद्दल कोणालाही विचारावे लागत नाही. आया, वॉर्डबॉय यांना महाराष्ट्रात ‘मावशी’, ‘मामा’ म्हणतात. नाते मोठे गोड आहे. या नात्यात चहाचा कप मात्र वेगळा असे. मायचा होता, खिडकीच्या चौकटीवर पालथा घातलेला.

रोग्याचे काय झाले? लाल डाग सर्वांत आधी आयाला दिसतो, कारण आंघोळ ती घालते. तिने सांगावे तर सिस्टर कामात. सिस्टरने ऐकले तरी ‘आयाने पाहिले’ असे लिहिण्याची पद्धत नाही. म्हणजे नाइटिंगेल जिला परिचारिकेची पहिली विद्या म्हणते ती आयाकडे राहिली आणि तिची नोंद करण्याचा अधिकार दुसरीकडे गेला.

येथे सिस्टरांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. ते मी करणार नाही. कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकवणी रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका हवी. बाच्या वॉर्डात चाळीसच्या वर रोग्यांमागे एक होती. अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला: परिचारिकेमागे एक रोगी वाढला की शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात मरण्याची शक्यता शेकडा ७ ने वाढते. तेथील तुलना चार रोगी की आठ, एवढ्यापुरती होती. चाळीसचे गणित करायला ते अभ्यासक आमच्याकडे आले नाहीत. तेव्हा ‘पेशंट कम्फर्टेबल’ लिहिणाऱ्या त्या सिस्टरवर माझा राग नाही. तिने लांबून पाहिले, बा ओरडत नव्हते. त्यांची वाचाच गेली होती.

शिवाय रेघ पुसली की काय होते याचे उदाहरणही सिस्टरांनीच घालून दिले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच अमानुष हल्ला झाला. मेंदू गेला, देह राहिला. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलली. दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की, अंगावर एकही बेडसोर नाही; ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्या परिचारिकांचा गौरव केला. एवढ्या वर्षांत एक जखम नाही, आणि माझ्या बाला चार दिवसांत. तेथे भांडे कोणाचे आणि चार्ट कोणाचा, हा प्रश्नच कोणी विचारला नाही, कारण खाटेवरची बाई त्यांच्यातली होती. हल्लेखोर त्याच रुग्णालयातील सफाई कामगार होता, हेही लिहिले पाहिजे. आपल्या वाचकांनी हे वाक्य घाईने ओलांडू नये. उतरंडीत सर्वांत खाली दाबलेला पुरुषही बाईच्या देहाला आपल्याखालची पायरी समजू शकतो. जातीचा प्रश्न मांडताना हे झाकून ठेवणे आपल्याला परवडणार नाही.

मायकडे पुन्हा येतो. ती लागली तेव्हा रोजंदारीवर होती, कायम होण्याची आशा होती. मग कंत्राटदार आला. आता कितीतरी सरकारी रुग्णालयांत आया, कक्षसेवक, सफाईगार कंत्राटी आहेत. आज या वॉर्डात, महिन्याने दुसऱ्या, वर्षाने घरी. आपली माणसे शिकून सिस्टर, ब्रदर झाली आहेत, राखीव जागांमुळे का होईना रेघेच्या वरच्या अंगाला पोहोचली आहेत, याचा मला आनंद आहे. पण वर पोहोचलेली आपली मुलगी मावशीचा कप खिडकीत ठेवत असेल तर? मी पाहिले आहे, म्हणून लिहितो. २०२३ साली संसदेने परिचर्येसाठी नवा आयोग नेमणारा कायदा केला. आयाचे शिक्षण, आयाची नोंद, आयाची केसपेपरवर सही, हे प्रश्न त्या आयोगापुढे न्यायला आपल्या संघटनांना कोणी अडवलेले नाही.

माझी एक विद्यार्थिनी बी.ए. अर्धवट सोडून जी.एन.एम. ला गेली. गेल्या दिवाळीत घरी आली होती. बेडसोरचा धोका मोजण्याची एक गुणपद्धती त्यांना शिकवतात. ती तिने मायला वाचून दाखवली. ओलावा, हालचाल, खाणे, घासले जाणे. माय प्रत्येकाला मान हलवीत होती. मग माझ्या भाच्याला चटईवर आडवे करून तिने एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली कसा घालायचा, चादरीला धरून माणूस कसा सरकवायचा, कातडी न ओढता, ते करून दाखवले. मुलगी वहीत लिहीत होती.

“दर दोन तासांनी बदलायची ना, आजी?”

“वाळक्या माणसाला दोन तास लई झाले,” माय म्हणाली. “त्याचं हाड बघायचं. ते लिही.”